नेट चालतं, पण फोल्डर उघडत नाही

पत्र

नमस्कार,

आमचं ऑफिस लहान आहे. नऊ कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. मी हिशेबाचं काम पाहते, पण ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून नेटवर्कची सगळी भानगड माझ्याच गळ्यात येते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही आतली खोली वापरात घेतली. तिथे वायफाय नीट पोहोचत नव्हतं, म्हणून कपाटात पडलेला जुना राउटर काढून आत लावला आणि बाहेरच्या मुख्य राउटरपासून त्याला केबल आणली. प्रिंटरही आत हलवला. तेव्हापासून कटकट सुरू आहे. इंटरनेट सगळीकडे चालतं, पण बाहेरच्या कॉम्प्युटरवरून आतल्या प्रिंटरवर काहीच छापून येत नाही. हिशेबाचं फोल्डर बाहेरच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर शेअर केलेलं आहे. आतल्या कॉम्प्युटरवरून त्याचं नाव टाकलं की ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं येतं, मात्र नावाऐवजी १९२.१६८ वाले आकडे टाकले तर उघडतं. दाराजवळच्या कॉम्प्युटरचं कनेक्शन तर सारखं जातं-येतं, आणि असतं तेव्हाही फाईल उघडायला फार वेळ लागतो. त्यात नवा लॅपटॉप घेतलाय. तो हिशेबाच्या फोल्डरसाठी युजरनेम-पासवर्ड मागतो आणि काहीही दिलं तरी घेत नाही. काही अडलं की आम्ही राउटर बंद करून चालू करतो. कधी बरं होतं, कधी नाही. साहेब म्हणतात, फायरवॉल बंद करून टाका. ओळखीतले एक जण म्हणतात, सगळं नवीन घ्या. मी नक्की काय करू?

— एक हिशेबनीस

उत्तर

नमस्कार ताई,

‘नाव टाकलं तर नाही, आकडे टाकले तर उघडतं’ हे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. ती ओळ नसती तर मला नुसत्या अंदाजावर बोलावं लागलं असतं. इतकं बारकाईने पाहणाऱ्या माणसाला हे काम नक्की जमेल, असं धरूनच पुढचं लिहितो.

तुमच्याकडे ‘नेटवर्क बिघडलंय’ या एका नावाखाली तीन वेगळे बिघाड नांदतायत. आतली आणि बाहेरची खोली एकमेकींपासून तुटली आहे, हा पहिला. दाराजवळच्या कॉम्प्युटरची केबल बहुधा खराब आहे, हा दुसरा. आणि लॅपटॉपला आत यायची परवानगी मिळत नाही, हा तिसरा. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. राउटर बंद-चालू केल्यावर कधी गुण येतो आणि कधी येत नाही, त्याचं कारणही हेच. केबलचा बिघाड तेवढ्यापुरता दबतो, बाकीचे दोन जागचे हलत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं की नेटवर्क लहरी आहे. नेटवर्क लहरी नसतं. कोणाला कोण दिसत नाही, एवढं नीट विचारलं की ते बरंचसं सांगून टाकतं.

म्हणून यापुढे राउटरच्या बटणाला हात लावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहायच्या. अडचण एकाच कॉम्प्युटरवर आहे की अनेकांवर? केबल जिथे घुसते तिथला दिवा लागलेला आहे का? त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा आकड्यांचा पत्ता, काय आहे? आणि तिथून राउटरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, तर उत्तर येतं का? राउटर बंद केला की यातला निम्मा पुरावा पुसला जातो, आणि मग पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आयपी पत्ता पाहायचा तर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडून इंग्रजी अक्षरांत, एकसलग, ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर करा. बरंच काही दिसेल. त्यातल्या तीनच ओळी पाहायच्या: ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’, ‘सबनेट मास्क’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’. लहान ऑफिसात मास्क बहुतेक २५५.२५५.२५५.० असतो. त्याचा अर्थ असा की पत्त्यातले पहिले तीन आकडे ज्यांचे सारखे, ते एका नेटवर्कमध्ये. गेटवे म्हणजे त्या नेटवर्कमधून बाहेर पडायची वाट, म्हणजेच तुमचा राउटर.

आता कामाचा क्रम. तुम्हाला प्रिंटरची घाई असेल हे मला कळतं, पण मी दाराजवळच्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करायला सांगेन. तो कॉम्प्युटर हिशेबाच्या फोल्डरमधल्या फाईलींवर काम करत असेल तर तोच सगळ्यात मोठा धोका आहे. फाईलमध्ये काही लिहिलं जात असताना मध्येच कनेक्शन तुटलं, तर ती फाईल अर्धवट राहू शकते. हिशेबाची बरीच सॉफ्टवेअर आपला सगळा डेटा शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाईलींतच ठेवतात, आणि अशा तुटातुटीत तो बिघडतो. प्रिंटर चार दिवस बंद राहिला तर गैरसोय होते, वर्षभराच्या नोंदी गेल्या तर ते नुकसान भरून निघत नाही. तेव्हा कशालाही हात लावण्याआधी, सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद केल्यावर, त्या फोल्डरची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. प्रतीमधली एखादी फाईल उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

मग केबल. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. टोकाच्या पिनेवरची प्लास्टिकची छोटी पट्टी तुटली आहे का? ती तुटली की पिन सॉकेटमध्ये बसल्यासारखी दिसते, पण खुर्चीचा धक्का लागला तरी सैल होते. केबल टेबलाच्या पायाखाली, दाराच्या फटीत किंवा कपाटामागे चेपली आहे का? हा कॉम्प्युटर दाराजवळ आहे, म्हणून माझा पहिला संशय दाराच्या फटीवर आहे.

यानंतर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘इथरनेट’, आणि तिथे ‘लिंक स्पीड’ पाहा. इथरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००० एमबीपीएसच्या, म्हणजे गिगाबिटच्या वेगाला चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसचं काम दोन जोड्यांवर भागतं. त्यामुळे आतली एखादी तार तुटली की कनेक्शन नेहमी पूर्ण बंद पडतंच असं नाही. पुष्कळदा ते गुपचूप १००वर उतरतं आणि कोणाला पत्ता लागत नाही, फक्त ‘हल्ली हळू चालतंय’ एवढंच जाणवतं. बाकीचे कॉम्प्युटर १००० दाखवत असतील आणि हा एकटा १००, तर संशय केबलवर. कॉम्प्युटर फार जुना असेल तर त्याच्या नेटवर्क कार्डाची मर्यादाच १००ची असू शकते, तेवढं तपासून घ्या.

खात्री करायची सोपी पद्धत अशी. या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, मग राउटरचा पत्ता, आणि शेवटी उणे चिन्ह व टी हे अक्षर लिहा. पिंग थांबवेपर्यंत चालू राहील. केबलने जोडलेल्या लहान नेटवर्कमध्ये उत्तर साधारण १ मिलिसेकंदाच्या आतबाहेर यायला हवं. ओळी सरकत असताना केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच हलवत जा. एका विशिष्ट जागी हात लागला की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येऊ लागलं, तर दोष तिथेच. थांबवायला कंट्रोल आणि सी. इथे एक फसवी ओळ ध्यानात ठेवा. कधी कधी ‘रिप्लाय फ्रॉम’ असं लिहून पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ येतं. सुरुवातीचा ‘रिप्लाय’ पाहून माणसाला वाटतं, उत्तर आलं. पण तिथला पत्ता बघा. तो आपल्याच कॉम्प्युटरचा असेल तर समोरून कोणी बोललेलं नाही. ‘मला तो सापडलाच नाही’ असं आपला कॉम्प्युटर आपल्यालाच सांगतोय.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. चालणाऱ्या कॉम्प्युटरची केबल आणून इथे लावा, बाकी काही हलवू नका. बरं झालं तर केबल टाकून द्या. जोडून, चिकटपट्टी लावून पुन्हा वापरू नका. बरं झालं नाही तर चांगली केबल तशीच ठेवून राउटरवरचं भोक बदला. तरीही नाही, तर नेटवर्क कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढून पाहा. केबल, भोक आणि कार्ड एकदम बदललं तर बिघाड जाईलही, पण तो कशात होता हे कधीच कळणार नाही आणि ती खराब केबल उद्या दुसऱ्या कोणाच्या टेबलाखाली जाऊन बसेल.

कनेक्शन गेलेलं असताना याच कॉम्प्युटरचा आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर समजा की राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. अशा वेळी ब्राउझर, सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस यांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. अडचण कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधल्या वाटेवर आहे, किंवा राउटरच पत्ते वाटत नाहीये.

आता दोन खोल्यांचं. आतल्या एका आणि बाहेरच्या एका कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग करा आणि दोन्ही पत्ते शेजारी-शेजारी लिहा. माझा अंदाज आहे की बाहेर १९२.१६८.०.काहीतरी असेल आणि आत १९२.१६८.१.काहीतरी, किंवा उलट. गेटवेही वेगळे असतील. म्हणजे बाहेरून आणलेली केबल जुन्या राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या, बहुतेक वेगळ्या रंगाच्या भोकात लावलेली आहे. अशी केबल लावली की तो राउटर आपलं स्वतंत्र नेटवर्क उभं करतो. ते एका बाजूनेच उघडणाऱ्या दारासारखं वागतं. आतून बाहेर जाता येतं, म्हणून इंटरनेट चालतं आणि आकडे टाकले की हिशेबाचं फोल्डरही उघडतं. बाहेरून आत मात्र येता येत नाही, म्हणून प्रिंटर मिळत नाही. आणि नावाने फोल्डर सापडत नाही, कारण लहान ऑफिसात कॉम्प्युटर एकमेकांची नावं शोधतात ती आपल्याच नेटवर्कमध्ये हाक मारून. ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही.

म्हणजे तुमच्या पत्रातल्या दोन मोठ्या तक्रारी एका भोकामुळे आहेत. याच कारणासाठी ‘सगळं नवीन घ्या’ हा सल्ला मला पटत नाही. नवा, महागडा राउटर त्याच जागी तसाच जोडलात तर पुन्हा तंतोतंत हेच होईल.

पण केबल उपटून लगेच शेजारच्या भोकात घालू नका. तसं केलंत तर एका नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोन राउटर होतील. पत्ते वाटण्याच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात, आणि कॉम्प्युटर साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेऊन मोकळा होतो. मग सकाळी कोणाला इकडचा पत्ता, कोणाला तिकडचा. काल चालणारा कॉम्प्युटर आज बंद, आजचा उद्या बंद. आत्ताची तुमची अडचण निदान ठरावीक तरी आहे, ती तशी उरणार नाही.

आधी जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ आहे का पाहा, म्हणजे राउटरने स्वतःचं नेटवर्क न उभारता मुख्य नेटवर्कच पुढे पोहोचवायचं. असेल तर तो निवडा आणि केबल कुठल्या भोकात ठेवायची ते त्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे करा. तो पर्याय नसेल तर हेच हाताने करायचं. ऑफिस सुटल्यावर करा. बाहेरून आलेली केबल जुन्या राउटरमधून काढून ठेवा. एक कॉम्प्युटर त्याच्या साध्या, म्हणजे ‘लॅन’च्या भोकाला जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा गेटवेचा पत्ता टाकून सेटिंगचं पान उघडा. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून मुख्य राउटरच्या रांगेतला करा. मुख्य राउटर १९२.१६८.०.१ असेल तर याला १९२.१६८.०.२५० द्या. मुख्य राउटर ज्या आकड्यांतून पत्ते वाटतो त्या टप्प्यात २५० येत नाही ना, हे त्याच्या डीएचसीपीच्या पानावर पाहून घ्या. येत असेल तर तो टप्पा २००पर्यंतच ठेवा. पत्ता बदलल्यावर जुना राउटर स्वतः बंद होऊन सुरू होईल. नव्या पत्त्याने पुन्हा आत जा आणि आता त्याची डीएचसीपी बंद करा. जतन करा. त्यानंतर बाहेरून आलेली केबल लॅनच्या भोकात लावा. वॅनचं भोक कायमचं रिकामं ठेवा, त्यावर कागदाची पट्टी चिकटवून ‘इथे काही लावू नये’ असं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कोणीतरी चांगल्या हेतूने केबल ‘जागेवर’ लावायला जातोच.

तिथे आहात तोवर आणखी तीन कामं उरकून घ्या. जुन्या राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड कंपनीने दिलेला तोच असेल तर बदला. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या पद्धतीची ठेवा. त्याला फक्त डब्ल्यूईपी ही जुनी, कमकुवत पद्धत येत असेल तर तो राउटर वापरण्याच्या लायकीचा नाही, त्याच्या जागी दुसरा आणा. इथे मात्र नवीन घ्यायला माझी हरकत नाही. आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही राउटरना वेगळे चॅनेल द्या, १, ६ आणि ११ यांपैकी. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोघांना एकच दिला तरी चालतो. मात्र आत कोणी ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर राहू नये. गेस्ट नेटवर्कचा उद्देशच पाहुण्याला ऑफिसचे कॉम्प्युटर दिसू नयेत हा असतो.

आणखी एक इशारा. दोन राउटरमध्ये ‘एक गेली तर दुसरी असावी’ म्हणून जास्तीची केबल टाकू नका. साध्या स्विचमध्ये, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या डब्यात (राउटरची लॅनची भोकंही तसंच काम करतात), असा वळसा तयार झाला की तोच तोच संदेश गोल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि काही क्षणांत ऑफिस ठप्प होतं. एका केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये गेली तरी हेच होतं. टेबलाखाली झाडलोट झाल्यावर असं चित्र दिसलं तर आधी हेच शोधा.

हे झालं की आतले कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा म्हणजे ते नवे पत्ते घेतील. आयपीकॉन्फिग करून पहिले तीन आकडे बाहेरच्यांशी जुळतात का पाहा. इथे एक गोष्ट नक्की आडवी येईल, म्हणून आधीच सांगतो. आतल्या कॉम्प्युटरांचा गेटवे बदलल्यामुळे विंडोजला वाटेल की आपण नव्या जागी आलो, आणि ते या नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवेल. पब्लिक म्हणजे अनोळखी ठिकाण. तिथे विंडोज स्वतःला इतरांपासून लपवतं आणि शेअरिंग अडवतं. केबल योग्य, पत्ता योग्य, तरी काही दिसत नाही, असं होतं ते यामुळे. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या कनेक्शनच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडा आणि शेअरिंगच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ प्रायव्हेटसाठी चालू ठेवा.

साहेबांना हेच दाखवा. फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी. ती बंद केल्यावर ‘चालू लागलं’ असं पुष्कळांना वाटतं, कारण खरी अडचण पब्लिक-प्रायव्हेटची असते आणि फायरवॉल काढली की तीही झाकली जाते. पण त्या दिवसापासून एका कॉम्प्युटरवर आलेला व्हायरस बाकीच्या आठांपर्यंत विनाअडथळा जाऊ शकतो. कोणी ‘एसएमबी१ चालू करा’ असं सुचवलं तरी तेच. शेअरिंगची ती फार जुनी पद्धत आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच कच्च्या दुव्यामधून, आणि त्याच वर्षी विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. ज्या हिशेबांसाठी तुम्ही एवढी धडपड करताय, त्यांच्यावर हा धोका ओढवून घेऊ नका. साहेबांना माझं नाव सांगून नाही म्हणा.

प्रिंटरला आता कायमचा पत्ता द्यायचा. प्रिंटरवरून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा. त्यावर मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर त्या यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक, असतो, दोन-दोन अक्षरांचे सहा गट. मुख्य राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर ‘रिझर्व्हेशन’मध्ये तो मॅक ॲड्रेस टाकून एक आयपी पत्ता राखून ठेवा. मग प्रत्येक कॉम्प्युटरवरून जुना प्रिंटर काढून टाका आणि ‘टीसीपी/आयपी’ पर्याय निवडून त्या पत्त्याने नव्याने जोडा. विंडोजला आपणहून शोधू दिलं तर ते अनेकदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट बनवतं, आणि समोर चालू असलेला प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसण्याच्या तक्रारी त्यावर फार येतात. हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरसाठीही असाच पत्ता राखून ठेवा आणि त्याचं आपोआप झोपी जाणं बंद करा. जेवणाच्या सुट्टीनंतर फोल्डर मिळत नसेल तर बहुधा तो झोपलेला असतो.

राहिला लॅपटॉप. तो पासवर्ड मागतो, याचा अर्थ नेटवर्क ठीक आहे. तो जुन्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचला आणि तिथे त्याला ‘कोण तुम्ही?’ असं विचारलं गेलं. ‘पाथ सापडला नाही’ आला तर केबल आणि पत्ते तपासायचे, पासवर्ड मागितला किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर खाती आणि परवानग्या.

लोक इथे तीन ठिकाणी अडकतात. एक, लॅपटॉप उघडायचा पिन टाकतात. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. दोन, जुन्या कॉम्प्युटरवरच्या खात्याला पासवर्डच नसतो, म्हणून रकाना रिकामा सोडतात. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. तीन, पूर्वी ते फोल्डर ‘पासवर्डशिवाय सगळ्यांना’ असं उघडं ठेवलेलं असतं. असा पाहुणा म्हणून प्रवेश विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून मुळातच बंद आहे. म्हणून जुने कॉम्प्युटर आत जातात आणि नवा अडतो.

तिन्हींवर उपाय एकच आहे. जुन्या कॉम्प्युटरवर फक्त या कामासाठी एक वेगळं स्थानिक खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या, आणि हिशेबाच्या फोल्डरची परवानगी त्या खात्याला ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ अशा दोन्ही ठिकाणी द्या. दोन्हींपैकी जी जास्त कडक असेल ती लागू होते. एकीकडे पूर्ण परवानगी आणि दुसरीकडे फक्त वाचायची असेल तर लॅपटॉपला फक्त वाचताच येईल. आता लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जा आणि जुन्या कॉम्प्युटरच्या नावाची आधी साठवलेली नोंद असेल तर काढून टाका. नाहीतर लॅपटॉप मागचा चुकीचा पासवर्डच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. मग फोल्डर उघडताना युजरनेमच्या जागी जुन्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि नव्या खात्याचं नाव, असं लिहा.

त्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल मला काळजी वाटते, ती स्पष्टच सांगतो. त्यावर विंडोज ७ असेल तर त्याला जानेवारी २०२०पासून मायक्रोसॉफ्टचा आधार नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ऑफिसचा सगळा हिशेब तिथे ठेवू नये. साहेबांना खर्च करायचाच असेल तर राउटरवर नको, हिशेबाचं फोल्डर ठेवायला एका चांगल्या कॉम्प्युटरवर आणि रोज आपोआप होणाऱ्या बॅकअपवर करा.

आणि हे सगळं तुम्ही हिशेब सांभाळून करताय, हे ऑफिसात कोणीतरी मानायला हवं. हे काम तुमच्याकडेच राहणार असेल तर त्यासाठी वेळ मागून घ्या, आठवड्यातला निदान एक ठरलेला तास. त्या तासात पहिलं काम म्हणून एक तक्ता करा: कोणता कॉम्प्युटर, कोणता पत्ता, कोणती केबल राउटरच्या कोणत्या भोकात. केबलींच्या दोन्ही टोकांना तेच आकडे चिकटवा. राउटरचे पासवर्ड बंद पाकिटात साहेबांकडे द्या, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी कोणाचं अडणार नाही.

यातलं सगळं करूनही आतून प्रिंटर मिळतो आणि बाहेरून नाही असंच राहिलं, तर आतल्या आणि बाहेरच्या एकेका कॉम्प्युटरच्या आयपीकॉन्फिगमधल्या त्या तीन ओळी, प्रिंटरचा पत्ता, आणि जुन्या राउटरच्या मागच्या बाजूचा केबल लावलेला फोटो मला पाठवा. पासवर्ड लिहिलेला स्टिकर फोटोत येऊ देऊ नका.